जिन्याखालच्या कुकरवाल्याची लिंक

कुकर दुरुस्तीच्या दुकानात जुन्या शिट्ट्या साठतात. गिऱ्हाईक नवी बसवून घेतं, जुनी तिथेच टाकून जातं आणि दुकानदार ती 'लागेल कधीतरी' म्हणून डब्यात टाकतो. माझ्याकडे किस्से असेच साठलेत. ज्यांचे आहेत ते काही परत न्यायला येणार नाहीत, आणि मला टाकवत नाहीत.

माझा जन्म डोंबिवलीचा, शाळा मस्कतची, कॉलेज डब्लिनचं. तिथून मी स्वतःच्या मर्जीने परत आले. यातल्या 'स्वतःच्या मर्जीने' या भागावर इथे आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. मी मामाकडे राहते. त्याच्या सोसायटीतल्या एक काकू पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये म्हणाल्या, "व्हिसा नाही ना दिला? देतात गं पुढच्या वेळी."

मी म्हटलं, "काकू, मला इथेच काम करायचंय. छोट्या दुकानदारांना ऑनलाइन आणायचंय."

त्यांनी मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला. "हो हो. तोपर्यंत काहीतरी करत राहावं माणसाने."

*

दत्तूमामाचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. चाळीसेक वर्षं. पाटी कधीच नव्हती. 'जिन्याखालचा कुकरवाला' एवढ्यावर अर्धी डोंबिवली यायची. मग इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, जिना गेला, आणि मामाला शीळ रोडच्या आत, गोळवलीच्या पुढच्या एका गल्लीत गाळा मिळाला. जुन्या जागेला पत्रे लागले. त्यावर बिल्डरने स्विमिंग पूलचं चित्र रंगवलं. मामाने पत्र्यावर नवा पत्ता खडूने लिहिला होता, तो त्या पूलच्या पाण्यात बुडाला.

नव्या गाळ्यात मामाने एक मोठी मांडणी ठोकून घेतली. तिच्यावर दुरुस्त झालेले कुकर ओळीने ठेवलेले. न्यायला कोणीच येत नव्हतं. लोकांना वाटत होतं, कुकर गेला तो इमारतीबरोबर गेला.

"माझं गिऱ्हाईक पायाने येतं गं," मामा म्हणाला. "डोक्याने नाही. पाय जिन्याकडे वळतात, पत्रे दिसतात, परत फिरतात. दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर हत्यारं विकून मोकळा होतो."

मी म्हटलं, "मामा, ऑनलाइन आणू या तुला."

माझी श्रद्धा साधी आहे. दुकानदाराने स्वतःला जे येतं ते स्वतःच्या शब्दांत, खरं खरं लिहावं. पत्ता द्यावा. वाचणारा येतो. जगात कुठेही येतो. या श्रद्धेचं पुढे काय झालं, ते ऐका.

*

मामाच्या दुकानदार मित्रांचं एक मंडळ आहे. डोंबिवलीचे जास्त, थोडे ठाण्या-कल्याणचे. दुकानं सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवारी जमतात. अध्यक्ष पाटकरकाका, पडदे आणि सोफा कव्हरवाले. मी त्यांच्यासमोर 'छोट्या धंद्याची ऑनलाइन ओळख' यावर तासभर बोलले. घसा बसेपर्यंत बोलले. शेवटी विचारलं, "काही प्रश्न?"

पाटकरकाकांनी हात वर केला. "फोटो कुठे येणार?"

"पडद्यांचे?"

"माझा."

काकांना वेबसाइट हवी होती, पण त्यांच्या डोक्यात होता चौकातला फ्लेक्स. मधोमध ते स्वतः, पांढऱ्या कुर्त्यात, कानाला मोबाइल. वर नेत्यांची डोकी. खाली 'शुभेच्छुक' म्हणून अख्ख्या मंडळाची डोकी, मानापमान सांभाळून, लहान-मोठी. दर वेळी एखादं डोकं राहिलं म्हणून साइट तीन वेळा बदलली.

मी म्हटलं, "काका, यात पडदा कुठेच नाही."

"पडदे काय, सगळे विकतात. हा चेहरा विकत मिळतो का कुठे?"

"बरं, पत्ता?"

"पत्ता कशाला? सगळ्यांना माहीत आहे."

काकांची वेबसाइट आजही तशीच आहे. ती बघून एक माणूस नगरसेवकाला भेटायचंय म्हणून दुकानात येऊन बसलेला.

*

ठाण्याच्या मेघनाताई फिजिओथेरपिस्ट आहेत. हुशार बाई. त्यांना मी सांगितलं, तुमच्याकडे रोज जी दुखणी येतात त्यांच्यावर लिहा. रिक्षात बसून पाठ धरते, पोळ्या लाटून मनगट जातं, लिहा ना. पंधरा दिवसांत त्यांचा ब्लॉग लेखांनी गच्च भरला. मला अभिमान वाटला. मग मी वाचायला घेतला.

पहिलाच लेख: 'अंगणातला बर्फ उपसताना पाठीची काळजी कशी घ्यावी.'

"ताई, हे कुठून आणलंत?"

"आणलं कुठून नाही. फोनला सांगितलं, पाठदुखीवर लिही. त्याने लिहिलं."

"पण बर्फ? ठाण्यात?"

ताई जराही डगमगल्या नाहीत. "आमचे पेशंट मनालीला जातात की."

दुसरा लेख घोड्यावरून पडल्यानंतरच्या व्यायामांवर होता. त्याबद्दल मी विचारलं नाही. माथेरान म्हणाल्या असत्या.

*

मनीषाताई कल्याणच्या खाडीकाठच्या कोळी. सुकट, बोंबील, घरचा मसाला. मंडळात माझं बोलणं पूर्ण ऐकणारी ही एकच बाई. पण माझ्याआधी तिच्याकडे ठाण्याचा एक 'ग्रोथ एक्स्पर्ट' पोचला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलण्यात दर तिसरा शब्द 'रीच'. त्याने तिच्या पेजला रातोरात हजारो फॉलोअर आणून दिले. आणले म्हणजे विकत आणले. नावं बघितली तर एकाचंही उच्चारता येईना. सगळे सातासमुद्रापलीकडचे, अर्ध्यांना तोंड नाही, उरलेल्यांच्या तोंडाच्या जागी मोटारगाड्या.

ताईने मला फोन दाखवला. "आगो, ही एवरी मानसं. एक पन इचारीत नाय, बोंबील ताजा हाय का."

मी त्या मुलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, फॉलोअर म्हणजे कस्टमर नाही. फॉलोअर म्हणजे इज्जत."

ताई मागून ओरडली, "मंग इज्जतीला सांग, रविवारी बाजारात टोपली उचलाला ये."

*

आता स्टार. गूगलवरचे. मंडळाने यावर एक पद्धत काढली, आणि ती इतकी आपली आहे की मी डब्लिनच्या प्राध्यापकांना कळवणार होते. लग्नात आहेर होतो तशी. तू मला पाच दिलेस, मी तुला पाच देणार. चार दिले तर अपमान. सोमवारी सगळे गोल बसायचे, फोन काढायचे आणि एकमेकांना स्टार घालायचे. दुकानात पाऊल टाकायची गरज नाही. वस्तू काय हेही बघायची गरज नाही.

मंडळात कल्याणचे नाना आहेत. त्यांचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे. बांबू, मडकं, पांढरं कापड.

पाटकरकाकांनी त्यांना पाच स्टार देऊन लिहिलं, 'भरपूर व्हरायटी. सहकुटुंब अवश्य भेट द्यावी.'

त्याखाली मेघनाताई: 'सुंदर अनुभव. पुन्हा नक्की येऊ.'

मी नानांना म्हटलं, "नाना, तुम्हाला राग येत नाही?"

नाना गंभीर माणूस. विचार करून म्हणाले, "येतील म्हणतात, ते खोटं नाही ना."

*

या सगळ्यात मामाचा ब्लॉग मी लिहीत होते. मामा बोलायचा, मी टाइप करायचे. रिंग कधी बदलावी. व्हॉल्व्ह उडाला की तो उडाल्याबद्दल देवाचे आभार का मानावेत. कुकरला कान लावून मामाला आतलं काय काय कळतं. प्रत्येक लेखाच्या शेवटी नवा पत्ता, नकाशासकट. मी इथे येऊन केलेलं हे एकमेव चांगलं काम, असं मला वाटतं. लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे, आणि प्रत्येकाला विनंती करायचे की पुढे पाठवा.

उत्तरं लगेच यायची. अंगठा. नमस्कार. 'छान माहिती.' लेख वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि उत्तर यायचं लिंक टाकल्याबरोबर. मला शंका आली. एका सोमवारी मी मुद्दाम एका कोऱ्या पानाची लिंक टाकली. संपूर्ण कोरं. त्यावर एक अक्षर नाही.

पाटकरकाका: 'अप्रतिम. डोळ्यांत पाणी आलं. असंच लिहीत राहा.'

मेघनाताईंनी ते पेशंटच्या ग्रुपवर पाठवलं.

मी मामाला म्हटलं, "लिंक कोणी उघडतच नाही."

मामा मांडणीवरचे कुकर पुसत होता. दसरा चार दिवसांवर आला होता. तो म्हणाला, "लग्नाची पत्रिका तरी कोण उघडतं? पाकिटावर नाव बघतात, ठेवून देतात. जेवण कुठे आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारतात."

*

दसऱ्याला मामाने हत्यारांची पूजा केली. ज्या फळीवर पाने-पक्कडी टांगतो, तिला झेंडूचा भलामोठा हार घातला. त्याच्यापुढे स्टुलावर बसलेला मामा मला इतका देखणा वाटला, की मी फोटो काढला. ट्यूबलाइटमुळे रंग भयाण आले होते, म्हणून कृष्णधवल केला. चेहऱ्यावरच्या रेषा, हातांवरच्या शिरा. परदेशात असा फोटो कारागिराच्या सन्मानासाठी भिंतीवर लावतात. मी तो नव्या लेखावर लावला. पहिली ओळ लिहिली, 'चाळीस वर्षं या हातांनी डोंबिवलीच्या स्वयंपाकघरांची सेवा केली.' पुढे दुकान कसं हललं ती हकीकत, नवा पत्ता, नकाशा, वेळ. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि मेघनाताईंच्या ब्लॉगमधला बर्फ उपसायला ठाण्याला गेले. फोन पर्समध्ये.

ग्रुपवर लिंकचा फक्त फोटो आणि पहिली ओळ दिसते. फोटो कृष्णधवल. खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी हार.

पाटकरकाका: 'भावपूर्ण श्रद्धांजली. मंडळाचा आधारवड हरपला.'

मग अख्खं मंडळ. ओळीने. मेघनाताईंनी तर माझ्यासमोर बसून, माझ्याशी बोलता बोलता, 'ओम शांती' टाकलं. त्यांना वाटलं पाटकरांचे कोणी असतील. लिंक पुढे पाठवा, ही माझी विनंती त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी पाळली. सोसायट्यांच्या ग्रुपवर गेली, महिला मंडळांत गेली, भजनी मंडळांत गेली. आणि खाली 'जिन्याखालचा कुकरवाला गेला' हे लिहायला कोणी विसरलं नाही.

मामाकडे बटणांचा फोन आहे. त्याला कोणी फोन केला नाही. गेलेल्या माणसाला फोन कोण करतं?

मला फोन आला तो नानांचा. आवाज नेहमीसारखाच. "पोरी, घाबरू नकोस. सामान घेऊन निघालोय. आपल्या माणसाला आपलंच. फक्त मामांची उंची सांग."

मी कशी डोंबिवलीला पोचले ते आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशीच रिक्षा अडकली, कारण गल्लीत पांढरे कपडे भरले होते. नवा पत्ता सगळ्यांना बरोबर सापडला होता. कुठे जायचं ते कळायला हवं होतं ना, म्हणून त्या दिवशी लिंक उघडली गेली होती, तळाच्या पत्त्यापुरती.

दाराशी एक बाई डोळ्यांना पदर लावून शेजारणीला सांगत होत्या, "देवमाणूस हो. आमचा पाच लिटरचा त्यांच्याकडेच होता. कोणाला विचारावं ते पण कळत नाही अशा वेळी."

मी गर्दीतून आत घुसले. मामा स्टुलावर बसला होता, मांडीवर कुकर, हातात पाना. पुढे आलेल्या माणसाला म्हणत होता, "तीन लिटरचा ना? वरच्या फळीवर, डावीकडून दुसरा. रिंग नवी घातलीय." तो माणूस मामाकडे बघत होता आणि फळीकडे बघत होता, आणि त्याला आधी कशाबद्दल बोलावं ते सुचत नव्हतं. शेवटी म्हणाला, "मिक्सर पण आहे घरी. भांडं गळतंय. आणू?"

"आणा की. चकलीच्या आधी करून देतो."

मागून पाटकरकाका आले, हातात गुलाबाचा हार. मामाला बघून जागीच थांबले. मग हाराकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले, आणि ते खरंच दुखावले होते.

"मुक्ता, एवढं सगळं लिहिलंस. मामा जिवंत आहेत हे कुठे लिहिलंस?"

बाहेर नानांचा टेम्पो गल्लीत मागे मागे येत होता आणि कोणीतरी त्यांना हातवारे करून थांबवत होतं. मांडणी निम्मी रिकामी झाली होती. पायरीवर नवे तीन कुकर येऊन बसले होते. मी फोन काढला. "थांबा सगळे. आत्ता ग्रुपवर खुलासा टाकते."

मामाने पायरीकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, आणि पाना पुन्हा कुकरला लावला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत तरी राहू दे."