पुठ्ठ्याआडचा दिवस

घड्याळजींनी शेअर घ्यायचा-विकायचा एक नियम बसवला होता. तो जुन्या भावांवर पारखताना पुढचं दिसून मनाने लबाडी करू नये, म्हणून बायको स्क्रीनवरच्या भावांच्या आलेखाची उजवी बाजू पुठ्ठ्याने झाकून धरायची. त्यांनी निर्णय सांगितला की पुठ्ठा एक दिवस पुढे सरकवायची. तोटा दिसला तर म्हणायची, "चुकलात, पण नियमाने चुकलात." तेवढ्याने त्यांना धीर यायचा.

"लोकांची घड्याळं उघडताना हात कापत नाही तुमचा. एखादा शेअर खरा घ्या की," असंही ती म्हणायची. तिथेच त्यांचं घोडं पेंड खायचं.

ती गेल्यावर वर्षभराने त्यांनी एकच शेअर खरा घेतला. भाव घसरला. नियमाप्रमाणे त्यांनी तो निमूट विकला आणि सवयीने म्हणाले, "सरकव."

स्क्रीनवर आजच्या भावापुढची उजवी बाजू कोरीच होती. पुढचा दिवस आता कुणाच्याच हाताखाली झाकलेला नव्हता.