भाऊजींचा बेडका

भाऊजी गेल्याचा ताईचा फोन आला तेव्हा मी कुडव्यातल्या आमच्या लॅबमध्ये दुसऱ्याच कुणाचं रक्त तपासत होते. महिना होत आला. गेलेल्या माणसाचं हसणं-बोलणं आठवतं म्हणतात. मला आधी भाऊजींचा बेडका आठवतो... गंजासारखा तांबूस, कुबट वासाचा.

ताईला सालेकशाकडच्या गावात, भाऊजींच्या घरी दिलेली. नाल्यातले खेकडे पकडावेत तर भाऊजींनीच. पण त्यांचं खोकल्याचं औषधही खेकडाच. निखाऱ्यावर जेमतेम शेकायचा, पाट्यावर ठेचायचा, फडक्यातून पिळायचा आणि तो करडा, चिकट रस मीठ टाकून घटाघटा प्यायचा. मी तोंडाला ओढणी लावून अंगणात पळायची.

"कायले पळून राहिली? माह्या बापाचा खोकला यानंच गेला," म्हणत ते हसायचे.

त्या कच्च्या रसातूनच कृमी फुप्फुसात गेले. खोकला वाढला तसा भाऊजींनी रस वाढवला. एक्स-रेत डाग दिसला, तेवढ्यावरच टीबीची औषधं सुरू झाली. पहिला बेडका माझ्याकडेच आला होता. नाक मुरडत मी टीबीपुरता रंग चढवला, जंतू नाहीत असं लिहिलं आणि डबी फेकून दिली. बेडका असा तांबडा का, हे बघायला मला शिकवलेलं होतं. वर्षभरानं पुन्हा आला, तेव्हा रंग न चढवता एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला... कृमींची सोनेरी अंडी, एका टोकाला झाकण असलेली, जिथं बघावं तिथं. यावरच्या गोळ्या अवघ्या तीन दिवसांच्या. त्या दिल्याही, पण तोवर फुप्फुसं पोखरली होती. एका सकाळी रक्ताची गुळणी आली आणि भाऊजी गेले.

खेकड्याची किळस यायची, बेडक्याची यायची. आता माझी मलाच येते.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे जेवत असताना ताई परसात जाऊन खोकली आणि थुंकीवर राख टाकायला वाकली.

"तू बी रस पेत होती?" मी विचारलं.

"त्याईच्यासंगं. घोटभर."

मांडणीवरची भाऊजींची चहाची वाटी आणून मी तिच्या तोंडापुढं धरली.

"वाटीत? तुले तं किळस येते ना वं."

"येऊ दे. थुंक."

अंडी होती. गोळ्या ताईनं माझ्यासमोर गिळल्या. वाटी मी उकळून, घासून माझ्या घरी ठेवली आहे. तिच्यात चहा ओतते रोज... आणि पिववत नाही, तसाच मोरीत टाकते.