रिजेक्टभाऊचे शेंगोळे

रिजेक्टभाऊला एखादी गोष्ट पहिल्याच फटक्यात पसंत पडली, असं मी कधी पाहिलं नाही. सातपूरच्या कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. आम्ही लेथवर घाम गाळून केलेला जॉब तो हातात घ्यायचा, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "रिजेक्ट!" ही सवय कारखान्याबाहेरही आली. टपरीवरचा चहा रिजेक्ट, नवा पिक्चर रिजेक्ट. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतली जिलेबीही त्याने रिजेक्ट केली होती. 'पास' हा शब्द तो इतका जपून वापरायचा, की ऐकला तर आमचा दिवस खुशीत जायचा.

नोकरीच्या सुरुवातीला आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो. तो निफाडकडचा, मी सिन्नरकडचा. स्वयंपाक माझ्याकडे, भांडी त्याच्याकडे. पुढे लग्नं झाली, घरं वेगळी झाली. रिटायर झाल्यावर तो द्वारका चौकाजवळ राहायला गेला आणि मग आजारीच पडला.

औषधांनी त्याच्या तोंडाची चव पार गेली. ताट दिसलं की मान फिरवायचा. अंगात ताकद आल्याशिवाय पुढचा डोस देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी रडकुंडीला आलेल्या. मी म्हटलं, "लेका, काय खावंसं वाटतं ते तरी सांग." छताकडे बघत तो म्हणाला, "शेंगोळे. पूर्वीचे."

हात्तिच्या! हुलग्याच्या म्हणजे कुळथाच्या पिठाच्या वळकुट्या लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवायच्या, त्यात काय अवघड? आमच्या घरी शेंगोळे मीच करतो, लग्नानंतर बायकोने पुढे बसवून नीट शिकवलेत. डबा घेऊन द्वारकेच्या गर्दीतून शिव्या खात पोचलो. त्याने एक तुकडा चघळला. "चांगले हायेत. पण हे नाय. रिजेक्ट."

मला वाटलं, पूर्वीचे म्हणजे आईच्या हातचे. म्हणून निफाडला त्याच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, फोन लावला. अक्का म्हणाली, "शेंगोळे? आमच्या आईनं कधीच केले नाय बाबा. आमच्या वडलांना हुलगा सोसायचा नाय, त्यामुळं घरात आणतच नव्हतो."

मला काही कळेना. मग याने खाल्ले कुठे? वहिनींना सांगितलं, तर त्या घाबरून म्हणाल्या, "डोक्यावर तर परिणाम झाला नसेल ना हो?" मी वरवर "छे, काहीतरीच!" म्हटलं, पण मलाही तीच शंका आली. समोर तो नुसता हाडांचा सापळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्याच ओट्याशी उभा राहिलो. आज जरा तिखट वाढवून बघू, एवढाच विचार होता. फोडणीत पाणी ओतलं आणि उकळी यायची वाट बघत होतो. आतल्या खोलीतून खोल गेलेला आवाज आला, "पाण्याकडं काय बघत बसला? टाक की आता! भूक लागली!"

हेच तो खोलीवर ओरडायचा! पहिली पाळी करून आलेलो, पोटात कावळे ओरडत असायचे, तेव्हा उकळी फुटेपर्यंत थांबतो कोण? मी कोमट पाण्यातच शेंगोळे सोडायचो. निम्मे विरघळून त्याचा चिकट लगदा व्हायचा, निम्मे आत कच्चे राहायचे. स्टोव्हची वात कमी व्हायची नाही, म्हणून लसूण काळा पडायचा.

मी ते पातेलं ओतून दिलं आणि नव्याने सुरुवात केली. लसूण मुद्दाम जाळला, पाणी कोमट असतानाच शेंगोळे सोडले. वहिनी "अहो, अहो!" करत राहिल्या. वाढताना माझी मलाच लाज वाटली.

त्याने घास घेतला. एक डोळा बारीक केला. "आत्ता कसे बरोबर बिघडले," तो म्हणाला. "पास."

ताटली पुसून खाल्ली गड्याने! वहिनी पदराने डोळे टिपत होत्या. मी मात्र पुरता चक्रावलो. "अरे शहाण्या, आयुष्यभर मला वाटत आलं की तेव्हाही मला बरा स्वयंपाक यायचा! खोलीवर तू एकदाही रिजेक्ट केलं नाहीस ना!"

"कसं करणार?" तो म्हणाला. "गावापासून लांब, दुसरं कोण करून घालत होतं रे मला?"

मग मी रोज शेंगोळे बिघडवले. त्याला ताकद आली, पुढचे डोसही झाले. वर्षभर तो आम्हाला मिळाला आणि गेल्या हिवाळ्यात गेला.

परवा घरी हुलग्याचं पीठ मळलं. पाणी तापत होतं, आणि का कोण जाणे, मी उकळीच्या आधीच शेंगोळे टाकून मोकळा झालो. बायको ताटावर बसल्याबसल्या ओरडली, "अहो, हे काय करून ठेवलंत? सगळे बिघडले की!"

मी एक डोळा बारीक केला. 'पास' म्हणायला तोंड उघडलं, तर रडूच फुटलं.