कोणी हात लावला?

माझ्या नाकावर राग असतो, हे सासरी, माहेरी आणि कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीत कोणाचा कॉम्प्युटर अडला आणि मी बघायला गेले, तर टेबलापाशी पोचायच्या आधीच माझ्या तोंडून प्रश्न सुटलेला असायचा, "कोणी हात लावला?" बारा वर्षांत या प्रश्नाला "मी" असं उत्तर एकदाही आलेलं नव्हतं. तरी मी विचारायचं काही सोडलं नाही.

आमची कंपनी जालन्याच्या एमआयडीसीत. बियाणं साफ करायचं, तपासायचं, पिशव्यांत भरायचं. मी तिथे डेटा एंट्री करायचे. कोणता लॉट कधी आला, कधी भरला, हे दिवसभर टाइप करायचं. कॉम्प्युटर विभागाचे साहेब निवृत्त व्हायला आले आणि त्यांच्या जागी बाहेरून माणूस आणायचं घाटू लागलं, तेव्हा मी एक दिवस धीर करून त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, मला शिकवा, मी सांभाळते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कंपनीच्या सर्व्हरला हात लावू देणार नाही म्हणाले. पण भंगारात निघालेले दोन कॉम्प्युटर त्यांनी परवानगी काढून मला घरी नेऊ दिले. यांच्यावर कंपनीसारखंच छोटं नेटवर्क उभं करा, तयार झालं की एका रविवारी अकरा वाजता चहाला येतो, चालत असेल तर मालकांपुढे तुमचं नाव टाकतो, एवढं त्यांनी सांगितलं.

धान्याच्या कोठ्या असतात त्या खोलीत मी माझं दुकान मांडलं. एका कॉम्प्युटरला डोमेन कंट्रोलर केलं. म्हणजे आत कोणाला घ्यायचं आणि कोणाला कोणती फाईल उघडू द्यायची, हे ठरवणारं मशीन. दुसऱ्या कॉम्प्युटरने चालू झाल्यावर या पहिल्याला शोधायचं, आणि तो नावावरून शोधायचा. नाव सांगितलं की त्या मशीनचा नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, सांगणारं जे खातं असतं त्याला डीएनएस म्हणतात, आणि ते कामही मी पहिल्याच मशीनकडे दिलं होतं. राऊटरला तसं बजावून ठेवलं होतं: कोणीही नंबर मागायला आलं तर नंबर दे, आणि नावं विचारायला याच्याकडे पाठव. घरातल्या सगळ्या वायरी एका छोट्या डब्यात येत होत्या. त्यातली एक वायर भिंतीच्या भोकातून शेजारी गेली होती. शेजारच्या शिंपीकाम करणाऱ्या चाचांच्या घरी. ते भोक मुळात पाण्याच्या पाईपासाठी पाडलेलं. नळ त्यांच्याकडे आधी येतो, त्यामुळे पाणी तिकडून इकडे येतं. मग दोन वर्षांपूर्वी नेट इकडून तिकडे गेलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. मी तीनदा बंद करून चालू करून बघितलं आणि निवांत झोपले.

रविवारी सकाळी अंघोळ करून, केस बांधून, दुसरा कॉम्प्युटर चालू केला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. डोमेन सापडत नाही, असं उत्तर आलं. परत टाकलं. परत तेच.

माझा प्रश्न तयारच होता. पहिल्यांदा सासूबाई सापडल्या. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "न्हाई बाई. म्या तं त्या खोलीत झाडूबी न्हाई नेला. तूच म्हन्लीस नको नेऊ म्हनून." मग नवरा. तो सळयांच्या री-रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून आलेला, त्याला मी हलवून उठवलं. त्याने अंगावरची चादर डोक्यावर घेतली. मग मी नेटवाल्याला फोन लावला आणि त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो गरीब बिचारा, लाईन बराबर आहे मॅडम, लाईन बराबर आहे, एवढंच म्हणत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, मी तर सकाळी सकाळी तीन संन्यासी गाठले.

मग पहिल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे माझ्या सर्व्हरवर बसले. तो मी स्वतः उभा केलेला, म्हणून चूक त्याच्यातच असणार असं धरून चालले. बंद केला, चालू केला. सगळ्या सेवा चालू होत्या. डीएनएसमधल्या नोंदी जागच्या जागी होत्या. सर्व्हरला विचारलं तर सगळं ठीक, दुसऱ्याला विचारलं तर सर्व्हरच नाही. साडेदहा वाजले. सगळं पुसून पहिल्यापासून घालावं म्हणून मी पेन ड्राइव्हसुद्धा लावला. बारा वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्यांचे नंबर टाइप केले, आता मरेपर्यंत तेच करायचं, असं मला अगदी स्पष्ट वाटलं आणि रडू आलं.

तेवढ्यात दारात बाईक थांबली. साहेब वेळेच्या आधी पोचणारे. क्षणभर वाटलं, लाईट गेली म्हणून सांगावं. पण डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. मी म्हटलं, "साहेब, बंद पडलंय. काल चालत होतं."

"मग चालू करा," साहेब म्हणाले. "मी बसतो. काही बोलणार नाही." आणि खरंच ते कोठीशेजारच्या खुर्चीवर बसले आणि सासूबाईंशी पावसापाण्याचं बोलू लागले.

पाठीमागे माणूस बसलेला असला की घाई करता येत नाही. मी पेन ड्राइव्ह काढला, सर्व्हर सोडला आणि पहिल्यांदाच दुसऱ्या कॉम्प्युटरला त्याचा स्वतःचा नंबर विचारला. आमच्या घरातल्या सगळ्या नंबरांत तिसरा आकडा एक असतो. इथे शून्य होता. असा नंबर माझ्या राऊटरने दिलेलाच नव्हता. नावं विचारायचा पत्ताही भलत्याचाच. काखेत कळसा नि गावाला वळसा, दोन तास मी सर्व्हरचं पोट फाडत बसले होते आणि हा इथे कोणा परक्याच्या घरचा होऊन बसला होता.

कॉम्प्युटर चालू झाला की नंबर कोण देतं म्हणून सगळीकडे हाक मारतो, आणि जो आधी ओ देईल त्याचं ऐकतो. मंठ्याच्या बाजारात पत्ता विचारून बघा. माहीत नाही असं कोणी म्हणत नाही, आणि जो आधी हात दाखवेल त्या दिशेला आपण चालू लागतो. माझ्या नेटवर्कवर असाच कोणीतरी हात दाखवणारा उभा होता.

मी डब्यातल्या वायरी एकेक काढायला लागले. एक काढायची, नंबर परत मागायचा, बघायचं, लावायची. चौथी वायर काढली आणि तिसरा आकडा एक झाला. नाव टाकलं. पासवर्ड टाकला. आत गेले. जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच जमिनीवर बसले.

चौथी वायर भिंतीच्या भोकातून आली होती.

"कारण?" मागून साहेबांनी विचारलं. आमच्या कंपनीत बिघाड नुसता दुरुस्त करून चालत नाही, रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं.

मी उठले आणि तरातरा अंगणात गेले. प्रश्न जिभेवर होताच. पण भिंतीपलीकडे चाचांची सून आधीच उभी होती, टाचा उंचावून. "भाभी, साहेब आले ना? सगळं बराबर चालू है ना?"

मी काही बोलायच्या आत तीच सांगायला लागली. तिच्या माहेरी, आष्टीला, एक जुना राऊटर पडून होता. तो तिने आणला होता आणि काल सांजच्याला आमची वायर त्याच्यात लावली होती. घरातले सगळे फोन आमच्या वायफायवरून काढून त्याच्यावर टाकले होते. "म्हटलं, आज भाभीचा इम्तिहान है, आपला बोजा नको. तुमचं जल्दी चालंल." मग म्हणाली, "सकाळपासून आमचं बंद हाये. पण म्या न्हाई विचारलं. तुम्हाला राग येतो ना."

जिभेवरचा प्रश्न मी गिळला. मला फार लाज वाटली. तिने सकाळी एकदा हाक मारली असती तर आठ वाजताच उलगडा झाला असता, आणि ती हाक माझ्या तोंडाला भिऊन राहिली होती.

तिचा राऊटर त्याच वायरीतून आमच्या घरातही नंबर वाटत होता, हे मी तिला सांगितलं, नाहीतर पुन्हा झालं असतं. ती घाबरली. मी हसले, तेव्हा तीही हसली. मग तिच्या घरी जाऊन बघितलं, तर वायर राऊटरच्या, घरात नेट वाटायच्या चार भोकांपैकी एकात खोचलेली. ती बाजूच्या वेगळ्या रंगाच्या, बाहेरून नेट आत घ्यायच्या भोकात लावली. घरी येऊन मी त्यांची वायर डब्यात परत जोडली, तशी माझा कॉम्प्युटरही जागेवर आणि तिचे फोनही चालू.

साहेबांना सांगितलं, शेजाऱ्यांनी मला मदत केली होती. ते इतके हसले की चहा बशीत सांडला. वायर काढून टाकणार का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं, जागेवर लावलीय. त्यांनी मान डोलवली आणि निघताना म्हणाले, "कालसारखं आजही चालू असतं तर मी चहा पिऊन गेलो असतो, मला काय कळलं असतं?"

दोन आठवड्यांनी सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात पॅकिंगचा कॉम्प्युटर नेटवर्कवर दिसेना. तिथले काका मशीनपुढे हात बांधून उभे होते, माझ्या चपलांचा आवाज ऐकूनच त्यांचा चेहरा पडला. माझं तोंड सवयीने उघडलं आणि मी ते आवरलं.

"काका, काल काय चांगलं करायला गेल्तात?"

त्यांनी बांधलेले हात सोडले. मग हळूच म्हणाले, "धूळ लई झाल्ती मॅडम. पुसायला म्हनून वायरी काढल्या म्या. मंग कोनती कुठं व्हती, ध्यानातच न्हाई राह्यलं."

वायर दोन मिनिटांत लागली. बारा वर्षांत पहिल्यांदाच मला उत्तर मिळालं होतं.