लाल खुणेचे केसपेपर

डॉ. विमल सरतापे यांची पहिली ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊनच. सांगलीहून बदली होऊन त्या साताऱ्याच्या आमच्या सरकारी दवाखान्यात आल्या, तेव्हा मी औषधांच्या खिडकीवर होतो. एचआयव्ही झालेल्यांच्या केसपेपरवर कोपऱ्यात लाल खूण करायची, ही आमची रीत.

"ही खूण कशाला?"

"आपल्याला कळावं म्हणून, मॅडम."

"आणि रांगेतल्यांना?"

मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

माण तालुक्यातल्या एक बाई टीबीच्या फुकट गोळ्या न्यायला यायच्या. त्यांना इथे हौसाबाई म्हणतो. खरे नाव लिहायला मी आता घाबरतो. मुंबईला हमाली करणारे त्यांचे यजमान एचआयव्हीने गेले होते, आणि तो हौसाबाईंनाही होता. एकदा रांगेतल्या त्यांच्या गावकऱ्याने त्यांच्या कागदावर मी केलेली खूण पाहिली. पुढच्या महिन्यात हौसाबाई आल्याच नाहीत.

गोळ्या अर्ध्यावर सुटल्या म्हणजे जिवाशी खेळ. मॅडम मला घेऊन दहिवडीच्या एसटीत बसल्या. हौसाबाई मेंढरांच्या वाड्याशेजारी खोकत बसल्या होत्या.

"आवं मॅडम, गोळ्या नगंत आता. गावात पानी बी वरनं घालत्यात मला."

मॅडमनी त्यांच्याच तांब्यातले पाणी मागून घेतले. "वरनं घातलेलं पानी माज्या आईनं लय पिलंय. तुमी न्हाई प्यायचं. सोमवारी या."

सोमवारी मॅडमनी स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला, त्यावर लाल खूण केली आणि खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या. मग माझे पेन घेऊन ताप, खरूज, पोटदुखी, सगळ्यांच्या कागदांवर तशीच खूण केली. "आता वळखा!" वरिष्ठांची नोटीस आली, ती त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवली. हौसाबाईंचा टीबी बरा झाला.

मूळ आजार, एचआयव्ही, मात्र तसाच आहे. त्यावरच्या गोळ्या आज, २००२ साली, मुंबईत मिळतात, पण किंमत ऐकूनच माणूस दुकानाची पायरी उतरतो. मॅडम निवृत्त झाल्या तरी त्या गोळ्या सरकारने फुकट द्याव्यात म्हणून अर्ज लिहितात, हेलपाटे घालतात, चिडतात. परवा हौसाबाईंनी विचारले, "आपल्या खिडकीत कवा येतील?" मॅडमनी पर्समधून कोरा कागद काढला आणि पुढचा अर्ज लिहायला घेतला.

मॅडमच्या साठीला सगळे उदंड, निरोगी आयुष्य चिंततील. मीही चिंततो, पण माझ्या शुभेच्छेत स्वार्थ आहे. मॅडम, त्या गोळ्यांची पहिली बाटली मला हौसाबाईंच्या हातात द्यायची आहे, रांगेत त्यांच्यामागे तुम्ही उभ्या असताना. तोवर तुम्हा दोघींना आयुष्य पुरो.