शेजाऱ्यांचा घोडा
आमच्या शेजाऱ्यांच्या कशेळीच्या शेतात गोदामं उभी राहिली आणि ते रिकामे झाले. बायकोला एकदा तरी हरवायचं म्हणून ते माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येऊ लागले.

"मास्तर, प्याद्याला मागं येता येत न्हाय?"

"नाही."

"मंग गरिबाला पुढं धाडायचाच कशाला?" असं म्हणून ते नुसता घोडा नाचवत.

रविवारी नवराबायकोचा डाव रंगला. घोड्याच्या एका चालीत वहिनींवर मात होती. शेजाऱ्यांनाही ती दिसली, कारण त्यांचे कान लाल झाले. पण घोडा त्यांनी मुद्दाम भलतीकडे ठेवला.

वहिनींनी तो उचलून जागेवर परत ठेवला, पट फिरवून त्यांची बाजू स्वतःकडे घेतली आणि तीच चाल खेळली. "ही घ्या मात!"

हरलेले शेजारी छाती फुगवून मला म्हणाले, "हाय का न्हाय हुशार?"