दिलीपने ऐकलेला धवला

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण त्यातल्या एकावरही माझा कधी विश्वास बसला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवायचे. घरात देव होते, पण अंगारे, कौल, दृष्ट काढणं असलं काही नव्हतं. शेजारच्या काकू अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधायच्या, त्याचंसुद्धा मला हसू यायचं. तरी आज लिहितेय, कारण मागच्या अंकात कुणीतरी विचारलं होतं – गर्दीची ठिकाणं टाळून आडबाजूला फिरणाऱ्यांना कधी काही वेगळं जाणवलंय का? मला जाणवलं असं नाही म्हणता येणार. माझ्या नवऱ्याला जाणवलं. मी त्याच्या शेजारी बसले होते.

आम्ही दोघं एकाच कॉलेजातले, त्यामुळे मी दिलीपला अरे-तुरेच करायचे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. तो वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. लग्नानंतर काही वर्षांनी तिथे कॉम्प्रेसरची टाकी फुटली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता... पण दोन्ही कान गेले. मुंबईचे, ठाण्याचे सगळे डॉक्टर झाले. मशीन लावून पाहिलं. उपयोग शून्य. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसवलं.

कान गेले त्याचं मी मनाशी कसंतरी जुळवून घेतलं, पण हळूहळू त्याने बोलणंही सोडलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तर बोलायचं कशाला, असं एकदा पाटीवर लिहून दाखवलं होतं. माझे ओठ त्याला वाचता यायचे, तेही मी सावकाश बोलले तर. बाकीच्यांसाठी खिशात एक छोटी पाटी असायची.

एका मे महिन्यात बिल्डिंगमधल्या लोकांबरोबर आम्ही माथेरानला गेलो. बाजारात ही गर्दी. मागून घोडा येत होता, घोडेवाला ‘साईड, साईड’ ओरडत होता, आणि दिलीप मजेत रस्त्याच्या मधून चाललेला. घोड्याच्या धक्क्याने तो तोंडावर त्या लाल मातीत पडला. एक माणूस त्याच्यासमोर वाकून ओरडला, “बहिरा आहेस काय?” ते वाक्य मात्र त्याला ओठांवरून बरोबर कळलं. तो उठला, कपडे झटकले, आणि परत घरी येईपर्यंत त्याने माझ्याकडेही पाहिलं नाही.

त्यानंतर आम्ही प्रसिद्ध ठिकाणं सोडूनच दिली. लोणावळा नको, महाबळेश्वर नको. लोक टिटवाळ्याला गणपतीला जायचे, आम्ही देऊळ मागे टाकून काळू नदीच्या काठाकाठाने लांब चालत जायचो. मोहन्याच्या पुढे उल्हास नदीवर एक शांत घाट होता, तिथे डबा खायचो. नातेवाईक हसायचे, “हे काय फिरणं? तिथे बघायला काय आहे?” बघायला काहीच नसायचं. पण तिथे दिलीपला कुणाचं काही ऐकावं लागत नसे, आणि त्याचे खांदे जरा सैल पडायचे. मला तेवढं पुरे होतं.

आमच्याकडे मासे घेऊन यायची ती हिराबाई. खाडीकाठच्या कोळ्यांची, माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. एका रविवारी मी तिला सहज म्हटलं की यंदा कुठे जावं कळत नाही. ती म्हणाली, “आमचे गावाला या ना, वयनी. बगाला काय नाय तिथं, पन गर्दी पन नाय. माजा घरवाला होरीनशी खारीन फिरवील तुमाला.”

होडीतून, खाडीत. मला कल्पना एकदम आवडली. तेव्हा डोंबिवलीत राहून खाडी कोण बघायला जायचं? स्टेशनच्या त्या बाजूला रेतीची होड्यांवरून ने-आण चालायची, एवढंच लोकांना ठाऊक.

एकोणनव्वद-नव्वदचा जानेवारी असेल. सकाळी रेतीबंदरावर पोचलो. रविवार असल्याने रेती काढणं बंद होतं. हिराबाई डोक्यात अबोलीची वेणी माळून आली होती, आणि तिचा नवरा धर्मा होडी घेऊन तयार होता. अबोल माणूस. दिलीपची पाटी बघून त्याने फक्त मान डोलावली. बहुतेक लोक पाटी बघितली की उगाच मोठ्याने बोलायला लागतात. त्याने तसं केलं नाही.

होडी उल्हास खाडीतून कल्याणच्या दिशेने निघाली. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, हल्ली लोक नाव कळलं की गाड्या घेऊन पोचतात. पण जागा सांगते – रेतीच्या होड्या मागे पडल्या की खाडीला एक फाटा फुटतो आणि मध्ये कांदळवनाचं लांबट बेट लागतं. बेटाच्या टोकाशी पाणी रुंद आहे. समोर भिवंडीच्या बाजूचे डोंगर दिसतात.

तिथे पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. धर्मा म्हणाला, “सुकती सरली. आता पानी जरा थांबंल, मंग भरती.” आणि खरंच ओहोटी संपून पाणी थांबलं. इतकं की डोंगर त्यात जसेच्या तसे उलटे दिसायला लागले. वल्ह्यावरून ओघळलेल्या थेंबांची वर्तुळं उमटत होती, तेवढीच काय ती हालचाल. बेटाच्या कडेला चिखलात बगळे उभे होते. सगळे एकाच बाजूला तोंड करून. माझं त्याकडे लक्ष गेलं, पण मी त्याचा काही विचार केला नाही. मी पिशवीतून डबा काढत होते.

तेवढ्यात दिलीप बोलला. मोठ्याने, स्पष्ट. “कोण गातंय?”

कित्येक महिन्यांनी मी त्याचा आवाज ऐकत होते. मला आधी तेवढंच कळलं – दिलीप बोलला. मग वाक्याचा अर्थ डोक्यात शिरला आणि माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी ओठ हलवून विचारलं, “काय म्हणालास?”

“बाई गातेय कुणीतरी. म्हातारी नाही... मध्यम वयाची असेल. तिकडून.” त्याने बेटाच्या टोकाकडे बोट दाखवलं.

मी कान देऊन ऐकलं. काही नाही. हिराबाईने ऐकलं, धर्माने ऐकलं. काहीच नाही. लांबवर एक गाडी पुलावरून गेली, तिचा खडखडाट मला ऐकू आला. दिलीपला तो आला नाही. मी त्याच्या कानाशी टाळी वाजवली. तीही नाही. तो नुसता त्या दिशेला बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लहान मुलाला कुणीतरी प्रथमच समुद्र दाखवावा, तसा तो बघत होता.

त्याने धर्माला खुणेने होडी पुढे घ्यायला सांगितली. धर्माने हिराबाईकडे पाहिलं, तिने मान डोलावली. थोडं पुढे गेल्यावर दिलीपने हात वर केला, “बस. इथे अगदी जवळ आहे.”

मी त्याला विचारलं, “काय गातेय?”

“भाषा आपली नाही. निम्मी कळतेय, निम्मी नाही.” आणि तो एकेक शब्द अडखळत, चाल न लावता सांगायला लागला, परक्या भाषेतलं वाचून दाखवावं तसं –

“खारीला भरती आयली गो, भरती आयली...
चिंबोरी माजी नवरी झायली गो, नवरी झायली...
तिरपी तिरपी चालनारी, सरल वाटंला लागली...”

मग माझ्याकडे वळून म्हणाला, “चिंबोरी म्हणजे खेकडाच ना? खेकडा कसा नवरी होईल?” त्याला ते गमतीचं वाटलं होतं. तो हसत होता.

हिराबाई मात्र होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली होती. चेहरा राखेसारखा झाला होता. मग धर्माला म्हणाली, “माजी आय.”

मग तिने जे सांगितलं ते असं. तिची आई धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागायचं नाही असा तिचा मान. हिराबाईचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, तुझ्यासाठी मी नवा धवला रचलाय, पण आधी ऐकवणार नाही, मांडवातच ऐक. त्याच्या आधी पलीकडच्या गावी दुसऱ्या एका लग्नात गायला ती होडीने निघाली आणि होडी उलटली. बाकीचे वाचले. आई सापडलीच नाही. हिराबाईचं लग्न पुढे दुसऱ्या धवलारणीने लावलं.

“मी बारकी असताना तिरपी रांगायची,” ती म्हणाली. “म्हनून आय मना चिंबोरी म्हनायची. घरात, आमी दोघीच असलो तर. दुसऱ्या कोनाला ठाव नाय.”

धर्मा हळूच म्हणाला, “मना पन नाय ठाव.”

मी हे सगळं दिलीपला सावकाश ओठांनी सांगितलं. त्याचं हसू गेलं. तो पाण्याकडे वळला आणि पुढचे शब्द सांगत राहिला, आता एकही शब्द सुटू नये म्हणून डोळे मिटून. मांडवाचे खांब, हळद, कुठल्याशा देवाचं नाव, सासरच्या गावाची वाट. हिराबाईने पदर डोक्यावरून घेतला. नवरीसारखी मान खाली घालून ती ऐकत बसली. तेव्हा ती पन्नाशीला टेकलेली बाई होती.

मध्येच तिने माझा हात धरला. “वयनी, भाऊंना सांगा, तिला विचारा... तिला पान्यात थंडी लागतं का?”

मी दिलीपला विचारलं. त्याने बराच वेळ कानोसा घेतला. “ती उत्तर नाही देत,” तो म्हणाला. “ती गातेच आहे. पण त्यांना सांग, आवाज सुखात असलेल्या बाईचा आहे.”

मी गणिताची बाई. मी त्या वेळीसुद्धा काहीतरी कारण शोधत होते. पण तोल सावरायला मी होडीच्या फळीवर तळवा टेकला आणि मला फळी थरथरताना जाणवली. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवावा तशी. बारीक, एकसारखी. वल्ही आत घेतलेली होती. वारा नव्हता. मी हात काढून घेतला आणि पुन्हा टेकला. होतीच ती थरथर. मला घाबरायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि का येतंय ते कळेना.

मग होडी आपोआप जराशी वळली. भरती सुरू झाली होती. पाण्यातले डोंगर मोडले. बगळे उडाले. दिलीप म्हणाला, “थांबलं.”

हिराबाईने केसांतली वेणी काढून पाण्यावर सोडली. ती आत, कल्याणच्या बाजूला वाहत गेली. डबा तसाच घरी आला.

रिक्षात मी त्याला विचारलं, “त्या वेळात मी तुझ्याशी इतकी बोलत होते. माझा आवाज आला का?” त्याने नाही म्हणून मान हलवली. खरं सांगायचं तर मला तेव्हा लागलं. एका बुडालेल्या बाईचं गाणं ऐकू आलं, आणि शेजारी बसलेल्या बायकोचा आवाज नाही... त्याला ते कळलं असावं. तो म्हणाला, “तुझा आवाज मला पाठ आहे.” आणि मग घरापर्यंत बोलतच राहिला – रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल, स्टोअरमधल्या लोकांबद्दल, काहीबाही. रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता.

आम्ही पुन्हा कान तपासले. रिपोर्ट आधीसारखाच. डॉक्टर म्हणाले, बहिऱ्या माणसांना कधी कधी मेंदूतच गाणी ऐकू येतात, ठाऊक असलेली, जुनी. मी विचारलं, कधीच न ऐकलेल्या बोलीतली? त्यांनी रिपोर्टची घडी घालून माझ्या हातात दिली. हिराबाई कधी बोलता बोलता ते चिंबोरी नाव सांगून गेली असेल का, याचाही मी खूप विचार केला. पण दिलीपला तिचे ओठ वाचता येत नव्हते. आणि ते गाणं तर तिनेही कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही त्या जागी नंतर पुष्कळदा गेलो. सुकती संपायची वेळ साधून. पाणी थांबायचं, डोंगर उलटे दिसायचे. तिथे त्याला पुन्हा काही ऐकू आलं नाही. त्याचं त्याला दुःखही नव्हतं.

दोनेक वर्षांनी हिराबाईच्या मुलीचं लग्न निघालं. ती स्वतः आमंत्रण घेऊन आली आणि म्हणाली, “भाऊंनी आयचा धवला आमचे बायांना शिकवायचा.” मला कसंसंच झालं. दिलीपला कान असतानाही सूर म्हणून कधी सापडला नव्हता. पण तो गेला. मांडवात चार-पाच धवलारणी मांडी घालून बसल्या होत्या. त्याने त्यांना शब्द सांगितले आणि चाल हाताने दाखवली – हात वर, हात खाली, इथे थांबा, इथे सोडा. बायका हसत हसत शिकल्या. मग हसायच्या थांबल्या.

मुलीला हळद लागली आणि त्यांनी तो धवला पहिल्यांदा पूर्ण म्हटला. दिलीप त्यांच्याकडे पाठ करून उभा होता, कुणीतरी त्याच्या हातात सरबताचा ग्लास दिला होता. तिसऱ्या ओळीला बायका जराशा घसरल्या. मला कळलंही नव्हतं. पण दिलीप तिथल्या तिथे वळला आणि म्हणाला, “नाही, इथे वर जायचं.”

त्या वर गेल्या.

दिलीपला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाठ करून उभा असताना मांडवातली चूक कशी कळली, हे मी त्याला एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला, “त्यांच्याबरोबर गाता गाता ती गप्प झाली ना, म्हणून.”